किंचाळण्याआधी पेशंट किती ते तरी सांगा

सकाळी चहा घेताना टीव्ही लावला तर अख्खी स्क्रीन लाल, सायरन, आणि 'तो परत आलाय!!' तो म्हणजे कोरोना. पाच मिनिटं बघितलं. कुठे आलाय, पेशंट किती, करायचं काय, एक अक्षर नाही. बंद केला, पण डोकं फिरलंय ते फिरलंयच म्हणून लिहितेय.

सप्टेंबर २०२० मध्ये सांगलीला मामा घरीच तापाने पडलेले आणि मामी मला फोनवर विचारते, अगं ऑक्सिमीटर ८९ दाखवतोय, हे चांगलं का वाईट? बाई दिवसभर न्यूज चॅनल लावून बसलेली हो! सुशांतसिंह राजपूतच्या केसमधले व्हॉट्सॲप चॅट तिला पाठ, कुठली नटी कुठल्या गाडीतून चौकशीला गेली तेही माहीत. देशात तेव्हा दिवसाला ९० हजारांच्या वर नवे पेशंट सापडत होते, आणि ८९ दिसलं की लगेच दवाखाना गाठायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये तेव्हा दुपारी एक वाजता आरोग्य महासंचालक पत्रकारांसमोर, लाइव्ह, आकडे आणि सूचना. ब्राझीलचं तर मला फार कौतुक वाटतं. जून २०२० मध्ये त्यांच्या सरकारने कोरोनाचे एकूण आकडेच वेबसाइटवरून काढून टाकले, तर 'ओ ग्लोबो', 'फोल्हा', 'एस्तादाओ' हे एकमेकांचे कट्टर स्पर्धक पेपर एकत्र आले, राज्याराज्यांतून आकडे गोळा केले आणि रोजची बेरीज सगळ्यांनी तीच छापली. आपली चॅनलं एकत्र कधी येतात, तर कुणाच्या तरी गाडीमागे कॅमेरे घेऊन पळायला.

आणि तबलिगी जमातच्या लोकांनीच कोरोना पसरवला म्हणून आपल्या चॅनलांनी जे चालवलं ते? मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना मीडियातल्या प्रचारावर सरळ ठपका ठेवला. ती बातमी किती मिनिटं चालली हो? मामीपर्यंत तर पोचलीच नाही, ती अजून 'त्यांनीच आणला' म्हणते.

हो, तिकडे अमेरिकेतही फॉक्स न्यूजसारखं भडक चॅनल आहे, माहितीये. आणि आपल्याकडे गुजरातीत 'संदेश' पेपरचे रिपोर्टर शवागाराबाहेर थांबून मृतदेह मोजत होते, 'दिव्य भास्कर'ने १ मार्च ते १० मे २०२१ चे मृत्यू दाखले काढले, सुमारे १ लाख २३ हजार, आदल्या वर्षी याच दिवसांत ५८ हजार, आणि गुजरात सरकार म्हणत होतं कोरोनाने गेले ४,२१८. म्हणजे जमतं की! मनात असलं तर जमतं.

खरं सांगायचं तर मामांना बेड मिळाला तोसुद्धा एका पत्रकारामुळेच. तालुक्याचा वार्ताहर, बातमीमागे चिल्लर मिळणारा पोरगा, रोज रात्री दवाखान्यांना फोन करून कुठे ऑक्सिजन बेड रिकामाय त्याची यादी ग्रुपवर टाकायचा. मामा वाचले. तो पोरगा स्वतः नंतर आजारी पडला, बरा झाला, आणि मग त्याच्या पेपरने खर्च परवडत नाही म्हणून त्यालाच काढला. मालक लोकांबद्दलही बोलायचंय मला, पण आता शेवटची लोकल चुकेल, कमेंटमध्ये भांडा तोवर.