‘माहीत असून वर्षाचं पॅकेज गळ्यात मारलं’ : या तक्रारीला डायल-अप इंटरनेट कंपनीच्या मालकाचं, ब्रॉडबँड नुकतं येत होतं त्या काळातलं उत्तर

नमस्कार,

तुमच्या तीन तक्रारी आहेत: लाइन सारखी तुटते, रात्री नंबर एंगेज लागतो आणि ब्रॉडबँड तोंडावर आलेलं असताना आम्ही डायल-अपचं, म्हणजे फोनवरून आमचा नंबर लावून चालणाऱ्या इंटरनेटचं, वर्षाचं पॅकेज गळ्यात मारलं.

तिसरीत चूक आमची. विकताना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करतो, अर्ज-बिर्ज काही नको.

लाइनचं म्हणाल तर आधी फोनवरचं कॉल वेटिंग बंद करून बघा. मधेच कुणाचा फोन आला की ती ‘टूं’ मोडेमच्या (कॉम्प्युटरला फोनच्या तारेशी जोडणारा डबा) बोलण्यात घुसते आणि तो बिचारा लाइन सोडतो. एंगेजची गोष्ट वेगळी. तुमचे फोन घ्यायला आमच्याकडेही मोडेम असतात; दहा ग्राहकांमागे एक, असा आमचा हिशोब. लोक मेल बघून उठायचे तेव्हा तो पुरायचा. आता गाणं उतरवायला लावून जेवायला बसतात. मोडेम वाढवायचे तर फोनच्या लाइनी वाढवाव्या लागतात आणि ग्राहक तर निघालेत ब्रॉडबँडकडे. म्हणून हात आखडता घेतला, हे कबूल.

वेगाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मीच लिहितो. 56 केचा (सेकंदाला 56 किलोबिटचा) मोडेम 44 वर जुळला तर 5 एमबीच्या गाण्याला पंधरा मिनिटं लागतात. 512 केच्या डीएसएलवर (फोनच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड) दीड मिनिटाच्या आत काम होतं, तेही त्याच तांब्याच्या तारेवरून. फोनवरचं बोलणं 4 किलोहर्ट्झच्या खालच्या लहरींवर चालतं आणि मोडेमला तेवढ्यातच भागवावं लागतं. डीएसएल त्याच्या वरची जागा वापरतं, म्हणून फोनही मोकळा राहतो. इथे आमचा इलाज नाही.

‘मग तुम्हीच ब्रॉडबँड द्या की!’ हेही बरेच जण म्हणतात. डायल-अपला तार कुणाचीही चालायची, आमचा नंबर फिरवला की झालं. डीएसएलचं यंत्र मात्र टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तारेच्या टोकाला बसतं. तार ज्याची तोच आता आमच्यासमोर दुकान मांडून बसलाय. त्याच्याकडूनच भाड्याने घेऊन त्याच्यापेक्षा स्वस्त विकायचं गणित मला तरी सुटलेलं नाही.

तेव्हा मिळत असेल तर खुशाल घ्या. फक्त आधी एक्स्चेंजपासूनचं अंतर विचारा, तारेच्या मार्गाने मोजलेलं. साधारण 5 किलोमीटरच्या पुढे डीएसएल सहसा मिळत नाही. नवी लाइन सुरू होईपर्यंत आमचं कनेक्शन तोडू नका, आणि जुने मेल उतरवून घ्यायला विसरू नका.