‘बर्फ पडलाय, मजा डबल’ म्हणे!

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर एक रील येऊन पडलं. मनालीच्या वरचा कुठला तरी रस्ता, ऐन एप्रिलात बर्फ कोसळतोय, वारा असा की शूटिंग करणाऱ्याचा आवाजही ऐकू येत नाही. आणि खाली लिहिलंय, “उन्हाळ्यात बर्फ! आपल्या बॅचचं नशीब बघा, मजा डबल!” टाकणारा गावातलाच, पोरांना हिमालयात ट्रेकला नेणारा. त्याखाली बदाम आणि अंगठ्यांची ही रांग. आमच्या शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा ह्याच बॅचमधून जाणार आहे. त्याच्या आईनंसुद्धा बदाम टाकलाय! डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर पुढं सरका.

बेळगावात राहून आपल्याला हे कळत नसेल तर कुणाला कळणार हो? मराठा रेजिमेंटचं सेंटर आपल्या कॅम्पात. कडोली, उचगाव, खानापूर, तिकडं चंदगडपर्यंत कुठल्याही गल्लीत जा, वर बर्फात राहून आलेला कुणीतरी कट्ट्यावर बसलेला सापडतोच. त्याला विचारा की, चैत्रातला बर्फ म्हणजे काय ते.

माझा मामा त्यातलाच. हवालदार होऊन रिटायर झाला. माझ्या आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये हा सख्खा भाऊ कुठंच नाही. बाबांचा कान पिळायला चुलतमामा उभा. लहानपणी मला वाटायचं, भांडण असणार. भांडण नव्हतं, बर्फ होता. मामा काश्मीरात एका उंच चौकीवर, रजा मंजूर, ट्रंक भरलेली. पाडव्याला पोरांनी काठीला टॉवेल आणि स्टीलचा गिलास बांधून गुढी उभी केली. दुपारी वारा सुटला तो गुढी घेऊनच गेला. मग बर्फ. थांबला तेव्हा लख्ख ऊन पडलं, मामा म्हणाला आता निघतो. सुभेदार म्हणाला, आज कुणी नाला ओलांडायचा नाही. बहिणीचं लग्न आहे साहेब. असू दे.

हिवाळ्यात बर्फ पडतो त्याचं आपल्याला नवल नाही, तिथल्यांनाही नाही. वसंतातला प्रकार वेगळा. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते पश्चिमी झंझावात येतात, ते थंडी सरली म्हणून थांबत नाहीत. मार्च-एप्रिलात काल स्वेटर काढलेला असतो आणि आज पारा धाडकन खाली. जुन्या, घट्ट झालेल्या थरावर नवा जड थर बसतो, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन हिवाळ्यातलं नसतं, चैत्रातलं असतं. पाणी झिरपतं, वरचा थर सुटतो. मामाच्या भाषेत, “ओलं, जड, आणि खाली धरायला काय नाही. पहाटे ओलांडायचं, ऊन तापायच्या आत. तेबी सुभेदार हो म्हणाला तर.”

आणि वारा! रीलमध्ये वारा लागत नाही ना अंगाला. उणे 5 तापमान आणि ताशी 40 किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला ते उणे 14 सारखं लागतं. हे सांगितलं का बॅचला? नाही. सनस्क्रीन आणा एवढं सांगितलंय.

4 एप्रिल 2023, सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर हिमस्खलन, 7 पर्यटक गेले. फिरायला आलेली माणसं. 7 एप्रिल 2012, सियाचिनजवळ गयारीला पाकिस्तानी फौजेचा अख्खा तळ गाडला गेला, 140 माणसं. पलीकडची असली तरी माणसंच की. आणि आपल्या राज्यातलं? 2024 च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशीकडं सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेली ट्रेकर मंडळी हिमवादळात सापडली. 22 जणांतले 9 परत आले नाहीत. जून म्हणजे आपल्याकडं छत्र्या बाहेर काढायचे दिवस, आणि तिथं माणसं बर्फाच्या वाऱ्यात गारठून गेली. नवखी नव्हती, डोंगर हिंडलेली होती त्यात. लोकसभेच्या निकालाच्या गोंगाटात ती बातमी आपण वाचली तरी का, देव जाणे.

बरं, तिथल्या हॉटेलवाल्याचं, घोडेवाल्याचं पोट पर्यटकावर आहे, हे मान्य. हिवाळा कोरडा गेला तर हा उशिराचा बर्फ नद्यांना पाणी देतो, तेही मान्य. म्हणून नशीब कुणाचं म्हणायचं? एप्रिलात हिमाचलात सफरचंद फुलोऱ्यात असतं. गारठ्यात मधमाशी बाहेर पडत नाही, फळ धरत नाही. जांबोटीकडच्या काजूवाल्याला विचारा, मोहोरावर पाऊस आला की घरात काय वातावरण असतं. त्याच्या बांधावर उभं राहून “वाव, रेन!” म्हणाल? मग तिथं जाऊन का नाचता?

चिडून लिहितेय, कळतंय मला. पोरांचा राग नाही हो. वीस वर्षांच्या पोराला बर्फ बघायचा असणारच. मामासुद्धा तेव्हा तेवढाच होता. तो सांगतो, “आम्ही सुभेदाराला मनात लई शिव्या घातलो. मी तर जेवलो नाही त्या दिवशी.” दुपारी बाराच्या सुमाराला नाल्यात बर्फ आला. वाट होती तिथं वाट राहिली नाही. मग रस्ता उघडेपर्यंत थांबणं, मग काफिला, मग झेलम एक्सप्रेस. मामा घरी पोचला तेव्हा मांडव उतरलेला होता. आई त्याच्याशी धड बोलायलासुद्धा तयार नव्हती. “एक दिवस आधी निघाला असतास तर?” हे तिनं वर्षानुवर्षं ऐकवलं. मामा हसायचा नुसता. नाल्याचं त्यानं तिला सांगितलंच नव्हतं, मला सांगितलं.

मला त्या सुभेदाराचं नाव माहीत नाही. पण त्यानं “असू दे” म्हटलं म्हणून मला मामा आहे. माझ्या लग्नात अंतरपाटाशी माझ्यामागं तोच उभा होता.

ट्रेकवाल्याला ग्रुपवर एवढंच विचारलं, वाटाड्या परत फिरा म्हणाला तर पैसे परत मिळणार का? उत्तर आलं, “ताई, निगेटिव्ह बोलू नका, बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे.” म्हणजे हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असू दे, वाटाड्या नको म्हणू दे, पैसे बुडतील म्हणून पोरं पुढं जाणार, आणि नेणाराही नेणार. तिथं सुभेदार कोण आहे?

कमेंटमध्ये “तुम्ही ट्रेकिंगच्या विरोधात का” म्हणून येऊ नका. राजहंसगड चढतेच की मी. ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांनी आज रात्री फोन करा आणि लेखी घ्या: स्थानिक वाटाड्या कोण, परत फिरायचं कोण ठरवणार, आणि फिरलं तर पैशाचं काय. आणि पोराला सांगा, बुडाले तर बुडाले. शेजारच्या वहिनींशी मी स्वतः बोलणार आहे, मामाला सोबत घेऊन.