पोर्ट वाढवायचेत, राऊटर नकोय!

जळगावात कुठल्याही दुकानात जा, "लॅनचे पोर्ट (राऊटरवरची नेटची वायर खोचायची भोकं) कमी पडताहेत" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "भाऊ, दुसरा राऊटर घेऊन टाका." अरे, कशाला? साधा अनमॅनेज्ड स्विच, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा, पुरतो. राऊटरच्या एका पोर्टातून वायर आणून त्यात खोचायची, सेटिंग काही नाही. बरं, स्विच मागितला तर 100 एमबीपीएसवाला हातात ठेवतात. त्यात भर म्हणजे वायर टाकणारा आठपैकी चारच तारा प्लगमध्ये क्रिंप करून मोकळा! गिगाबिटला (1000 एमबीपीएस) चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात हो! भिंत फोडून, पाइपातून वायर ओढून झाल्यावर स्पीड 100 वरच अडकलेला. वर ऐकवतात, "वायफाय वापरा ना." जुन्या घराच्या या जाडजूड भिंतींतून मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून तर वायर टाकतोय!