एकटीच?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीला. सण झाला, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पिशवीत पाण्याची बाटली टाकून चपला घातल्या. आईनं विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "पिंपळनेरकडे जाऊन येते." पुढचा प्रश्न तुम्हाला माहीत आहे. "एकटीच?"

त्या एका शब्दाबद्दल मला आज लिहायचंय.

मी नेदरलँड्समध्ये लायडनला राहते, सात वर्षं झाली. मागच्या ऑक्टोबरात एका रविवारी पाव आणायला सायकल काढली. बेकरी बंद होती. परत फिरायच्या ऐवजी कालव्याच्या कडेनं सरळ निघाले. तिथे सायकलींच्या रस्त्यांवर चौकाचौकात हिरव्या आकड्यांच्या पाट्या असतात. एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जात राहायचं, नकाशा लागत नाही. तासाभरात कात्वाइकला पोचले, समुद्रावर. जुनी ऱ्हाइन नदी तिथे समुद्राला मिळते. मिळते म्हणजे मिळवावी लागते. वाळूनं तिचं तोंड बुजलं होतं, ते १८०७मध्ये दरवाजे बांधून पुन्हा उघडलं, आणि आता पंप लावून पाणी बाहेर काढतात. हे सांभाळणाऱ्या मंडळाचं नाव राइनलँड. तेराव्या शतकापासून ते चालू आहे. अशी २१ पाणी मंडळं त्या देशात आहेत. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, स्वतंत्र कर असतो.

तिथे कठड्याला टेकून उभी असताना मला आजोबा आठवले. ते म्हणायचे, "आमना फडमा पाणी कधी कमी पडनं नही." लहानपणी मला वाटायचं, फड म्हणजे तमाशाचा. पुढे कळलं की आमच्या पांझरा नदीवर बंधारे घालून गावानं मिळून शेती भिजवायची ती फडपद्धत. किमान तीनशे वर्षं जुनी. परक्या देशातली पाण्याची व्यवस्था मी तासभर सायकल मारून बघून आले होते, आणि माहेरापासून पाऊण तासावरचा फड मी आयुष्यात पाहिला नव्हता. फार लागलं ते मनाला.

त्यात माझा आळस नव्हता. साक्रीत वाढलेल्या मुलीला "सहज जाऊन येते" असं म्हणायची सोय नव्हती. शाळा, क्लास, मावशीचं घर, लग्नकार्य, देवदर्शन: प्रत्येक जाण्याला काम लागायचं आणि सोबत कुणीतरी. माझा भाऊ मात्र दहावीतच सायकलवर गावोगाव भटकून आला होता. आता मी सुट्टीवर येते तेव्हाही तेच. गाडी येते, पाच माणसं बसतात, सप्तशृंगी होते, सापुतारा होतं, साड्या होतात. सगळं प्रेमानं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण काचेतून पाहिलेला तालुका आपला होत नाही.

तर मी निघालेच. एसटीत अर्धं तिकीट लागलं. १७ मार्च २०२३पासून राज्यातल्या सगळ्या बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. शेजारी बसलेली बाई दवाखान्यात चालली होती, पुढची माहेरी, मागच्या दोघी बाजाराला. मी कशाला चाललेय हे सांगितल्यावर शेजारची म्हणाली, "घरमा भांडण तं नही व्हयनं ना?" तिचा आवाज खरोखर काळजीचा होता. बाई विनाकारण बाहेर पडली तर काहीतरी बिनसलंय, इतकं हे आपल्यात मुरलंय.

पिंपळनेरहून सामोड्याला चालत गेले. नदीत पाणी जेमतेम, पण त्यामुळेच बंधारा पायथ्यापर्यंत उघडा दिसला. काळे दगड, मधे चुन्याच्या पांढऱ्या रेघा, जिथून पाणी सांडतं तिथे दगडाची कड इतकी गुळगुळीत झालेली की तळहात फिरवत राहावा. एका सांध्यातून पिंपळाचं बोटभर रोप वर आलेलं. पाट शेतांकडे गेलेला, तळाला ओल.

बांधावर एक म्हातारे बाबा होते. त्यांनीही विचारलं, "एकलीच उनी? कोनी पोर शेस वं तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं. मग त्यांनी बसवून घेतलं, पाणी दिलं आणि काठीनं मातीत चार चौकोन काढले. एका फडात एकच पीक. या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, त्यात गहू तर सगळ्यांचा गहू. म्हणजे पाणी सगळ्यांना एकाच वेळी लागतं, भांडण उरत नाही. आणि प्रत्येक खातेदाराचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा झाला तरी सगळ्यांचा सारखा. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. "आते मोटरी उन्यात," ते म्हणाले आणि चौकोन पुसले. वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, बरेच फड मागे पडले.

इंजिनिअर विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीलाच याच खान्देशात आले होते, पांझरेच्या खोऱ्यात पाणी नळातून पलीकडे नेणारा सायफन बांधायला. बंगळूरहून पुण्याला शिकायला आलेला विशीतला तरुण इथलं पाणी समजून घ्यायला या नदीकाठी फिरला. आम्ही इथल्याच पोरी, आम्हाला नदी पुलावरून दाखवली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे: आखाजीला लेक येते तेव्हा झोका बांधता, आंबे पिकवता, तसाच तिला एक मोकळा दिवस द्या. कुठे, कशाला, कुणाबरोबर हे न विचारता. सुना आहेत, त्यांनाही द्या. भीती मलाही कळते, उशीर झाला तर फोन येईलच. पण भर दिवसा, आपल्याच तालुक्यात, आपल्याच भाषेच्या माणसांत पोरगी एकटी फिरू शकत नसेल, तर लायडनच्या रस्त्यावर ती निर्धास्त फिरते याचं कौतुक मला सांगू नका. मला ते साक्रीत हवंय.

दुपारी तीनला घरी पोचले. नाना, माझे वडील, ओट्यावर होते, सकाळपासून बोलले नव्हते. पाच मिनिटं गेली. मग म्हणाले, "बंधाऱ्याला पाणी होतं का?" मी म्हटलं, थोडं. "डाव्या अंगाची पायरी आहे का अजून? आम्ही तिथून उड्या मारायचो." पायरी मी पाहिली नव्हती. मोबाइलमधले फोटो बोटांनी मोठे करकरून त्यांनीच ती शोधली.

परवा मुडावदला जायचंय, पांझरा तापीला मिळते तिथे. आईनं आज विचारलं, डबा किती वाजता भरू.