तंबूत ‘पडून राहण्या’बद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

के-टू या जगातल्या दुसऱ्या सर्वांत उंच शिखरावर वादळात अडकणाऱ्या गिर्यारोहकांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही विचारता : आठ-आठ दिवस तंबूत पडून राहण्यात कसलं शौर्य? आपल्याकडं गारपिटीत माणूस उघड्या वावरात सापडतो, त्याच्यावर लिहा. अन् आश्रमशाळेतल्या पोरांच्या डोक्यात हे खूळ भरू नका.

गारपिटीचा तुमचा राग माझाही आहे. आपल्याकडं वीज पडून माणसं जातात, उभा गहू झोपतो, संत्र्याचा बहर गळतो. त्यावर मी लिहीनच. पण तंबूतली माणसं रिकामी पडलेली असतात, हे मला मान्य नाही.

आठ हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून जरासाच जास्त. धाप लागलेली, हवा कोरडी, अंगातलं पाणी श्वासावाटे उडून जातं. दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवं आणि तिथं थेंब नसतो. बर्फ वितळवायचा. ताजा भुसभुशीत बर्फ भांडंभर घ्यावा, तर तळाशी जेमतेम पेलाभर पाणी. तंबू बंद करून स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो, उघडा ठेवला तर वाऱ्यासोबत बर्फाची भुकटी आत. कापडावर बर्फ साचला की रात्री-बेरात्री कुणीतरी बाहेर जाऊन तो लोटायचा, नाहीतर तंबू अंगावर बसतो आणि आतले गुदमरतात. झोप नाही, अन्नावर वासना नाही, अशा माणसांनी हे करायचं, आणि शिल्लक गॅस किती दिवस पुरेल याचा हिशेबही डोकं शाबूत ठेवून करायचा.

नुसतं पडून राहणं तर तिथं घातकच. उंचीवर रक्त दाट होतं, त्यात पाणी कमी, पाय हलत नाहीत. १९५३ मध्ये चार्ल्स ह्यूस्टन यांची अमेरिकन तुकडी के-टूवर सुमारे ७,७०० मीटरवर वादळात अडकली. वाऱ्यात स्टोव्ह पेटता राहीना. आर्ट गिल्की या सोबत्याच्या पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी झाल्या. ह्यूस्टन स्वतः डॉक्टर होते, त्यांनी ओळखलं. शिखराचा विषय तिथंच संपला. १० ऑगस्टला, वादळ चालू असतानाच, त्यांनी गिल्कीला गुंडाळून दोरानं उतरवायला घेतलं. वाटेत एकामागोमाग एक माणसं घसरली आणि पीट शोनिंगनं एकट्यानं दोर धरून सगळ्यांना थोपवलं. गिल्की त्या डोंगरावरच गेला. बाकीचे सातही जण जिवंत उतरले.

त्याच डोंगरावर १९८६ च्या ऑगस्टमध्ये सात जण आठ हजार मीटरच्या आसपास वादळ निवळायची वाट पाहत राहिले. गॅस संपला, म्हणजे पाणी संपलं. दोघेच परत आले. त्यांना मी दोष देत नाही. त्या वाऱ्यात उतरणंही मरणच होतं. पण थांबायचं कुठं, हे आधीच ठरवावं लागतं, एवढं त्यातून कळतं.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून सांगतो. मृगाचा पहिला शिडकावा झाला की हात शिवशिवतात. तरी जाणता माणूस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईस्तोवर तिफन काढत नाही, कारण दुबार पेरणी काय असते ते त्यानं पाहिलेलं असतं. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. फरक इतकाच, की बियाणं घरात सुरक्षित असतं. आठ हजार मीटरवर थांबलेला माणूस तासातासाला खंगत जातो. म्हणून शहाणी तुकडी खाली उतरून थांबते.

आपलीच गोष्ट घ्या. १९६० मध्ये भारतीय तुकडी एव्हरेस्टच्या माथ्यापासून दोनशेएक मीटरवरून परतली, १९६२ मध्ये त्याहूनही जवळून. दोन्ही वेळा हवामानानं अडवलं, दोन्ही वेळा गिर्यारोहक सोनम ग्यात्सो त्यात होते. १९६५ मध्ये एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालची तुकडी हवा बिघडल्यावर तळछावणीला उतरली, थांबली, आणि २० मेपासून चार खेपांत नऊ जण माथ्यावर पोचले. ग्यात्सो २२ मेला. पहिल्या दोन्ही वेळा ते हट्टाला पेटले असते, तर तिसरी वेळ आलीच नसती. मला शौर्य दिसतं ते इथं.

आता पोरांचं. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात ते आहेच, मी भरलेलं नाही. मला ते खूळ वाटतही नाही. पण त्यांना फक्त झेंड्याचा फोटो दिसतो, म्हणून मी वादळांबद्दल लिहितो. उद्या तुमच्या गावातल्या पोराला कुणी मोहिमेवर न्यायला आलं, तर खर्च कोण देतो हे नंतर विचारा. आधी विचारा : परत फिरायचं कोण ठरवणार? किती वाजता? आणि पोरगं म्हणालं, ‘मले नाही जमत’, तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार? नीट उत्तर मिळालं नाही तर पाठवू नका. तिथं मी तुमच्याच बाजूनं उभा राहीन.