'मायनर' म्हणे!

"फिक्स." "अपडेट." "फायनल." मग "फायनल २." मग "आता खरंच फायनल." अरे, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) बदल नोंदवताना लिहायची टीप, म्हणजे कमिट मेसेज; हा कमिट मेसेज आहे की कोडं?

रात्री दीड वाजता प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टिम, आडवं पडलंय, गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी कमांड) लावून मी कसाबसा त्या एका ओळीपर्यंत पोचतो, आणि तिथे काय? "मायनर." ३७ फायली बदलल्यात, म्हणे मायनर! टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) ३० चा ५ केलास, हे डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंय मला, डोळे आहेत. का केलास, ते कोण सांगणार? तू तर कधीच नोकरी सोडून गेलास.

बायसेक्ट करावं, म्हणजे कमिटचा इतिहास अर्धा-अर्धा तपासत बिघाड नेमका कुठे शिरला ते शोधावं, तर बगफिक्स, फॉरमॅटिंग, लायब्ररीचं अपग्रेड, सगळं एकाच गाठोड्यात. आता रिव्हर्ट काय करू, मागे काय घेऊ, कपाळ?

गिट २००५ पासून आहे. मेसेजची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, खाली एक ओळ मोकळी, मग कारण. एवढंच! हजार ओळी कोड खरडताना बोटं दुखत नाहीत, एक वाक्य लिहायचं म्हटलं की लगेच लकवा.

आणि मेसेज म्हणून नुसतं टिंब टाकणारे महाभाग? एकाला विचारलं, तर म्हणतो, "कोड वाच ना." वाचतोच आहे की, दीड वाजल्यापासून!