'ज्याचं घर फुटलं नाही त्याने…' लिहिणाऱ्या वाचकास

नमस्कार.

गुन्हेशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासावर मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. अभ्यासक्रम खर्चिक, नोकऱ्या थोड्या, लेखात एक साल चुकलेलं, आणि शेवटी हे वाक्य: "ज्याचं स्वतःचं घर कधी फुटलं नाही त्याने वर्गात बसून चोराची बाजू घेऊ नये, पोलीस ठाण्यात एक रात्र काढा, दोन वर्षांचा अभ्यास होईल."

सालाची चूक मान्य. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी पांढरपेशा गुन्हेगारीची, म्हणजे प्रतिष्ठित लोक आपल्या व्यवसायात करतात त्या गुन्ह्यांची, कल्पना १९३९च्या व्याख्यानात मांडली. १९४९ हे त्यांच्या पुस्तकाचं साल. दुरुस्त केलं आहे, आभार. खर्च आणि नोकरी ज्याची त्याने बघावी, माझा लेख त्याविषयी नव्हताच.

पण ते वाक्य! मतभेदाचं मला काही वाटत नाही. समोरच्याच्या घरात काय घडलं नि काय नाही, हे न विचारताच ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? आणि 'चोराची बाजू' मी कुठे घेतली, ती ओळ दाखवा.

घर आमचंही फुटलं होतं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. कपाटाचं दार पहारीने वाकवलेलं, आणि पळणारा माणूस जिन्यात आईला ढकलून गेलेला. त्यानंतर कित्येक महिने ती रात्री दाराला स्टूल लावून त्यावर स्टीलचा पेला ठेवायची, दार हललं तर वाजावा म्हणून. ओळख परेडीत तिने एका मुलाकडे बोट दाखवलं, जरा चाचरतच. परेड घेणारा म्हणाला, "अगदी बरोबर ओळखलंत, बाई." त्या क्षणापासून तिची खात्री पक्की झाली. घरी येऊन ती त्याच्या भुवयांचंसुद्धा वर्णन करायला लागली. तो मुलगा २६ दिवस आत होता. मग माल दुसऱ्याच माणसाकडे सापडला. आईला हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही.

तिचं काय चुकलं हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही. वर्गात कळलं. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांचा १९९८चा प्रयोग आहे. त्यात लोकांना चित्रफितीत दिसलेला गुन्हेगार छायाचित्रांतून ओळखायला सांगितलं. खरा गुन्हेगार त्या छायाचित्रांत नव्हताच, म्हणजे प्रत्येकाची ओळख चुकीचीच. तरीही ज्यांना नंतर 'बरोबर ओळखलंत' असं सांगितलं, त्यांना आपली खात्री पहिल्यापासूनच होती असं वाटू लागलं. आपण चेहरा नीट पाहिला होता, असंही ते सांगू लागले. संशयित कोण हे माहीत नसलेल्या माणसाने परेड घ्यावी आणि साक्षीदाराची खात्री किती, हे तिथल्या तिथे लिहून घ्यावं, असा आग्रह अभ्यासक धरतात तो यासाठी. ते पान वाचताना मला आईच्या भुवया-वर्णनाची आठवण झाली आणि मी ग्रंथालयातून उठून बाहेर गेलो. मला अनुभव नाही, असं म्हणता?

आणि एका रात्रीत काय कळतं? मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेत १९३९ साली ५०६ मुलांवर 'केंब्रिज-सॉमरव्हिल' प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांच्या घरी समुपदेशक साधारण पाच वर्षं जात राहिले. एक रात्र नव्हे, पाच वर्षं! तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं शोधून काढली. मदत मिळालेल्या बहुतेकांनी सांगितलं की आमचं भलं झालं. पण तुलनेसाठी ठेवलेल्या उरलेल्या निम्म्यांशी ताडून पाहिलं तेव्हा पुन्हा पुन्हा गुन्हा करणारे मदत मिळालेल्यांतच अधिक निघाले. जवळून पाहणाऱ्या कुणालाही हे दिसलं नव्हतं. ते दिसण्यासाठी तुलनेचा गट कसा ठेवायचा, हे शिकायला दोन वर्षंही थोडीच पडतात.

शिक्षा नको, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. चुकीच्या माणसाला नको, एवढंच लिहिलं आहे, आणि त्या २६ दिवसांत खरा चोर मोकळा फिरत होता हेही लक्षात घ्या. लेख पुन्हा वाचा, निदान एकदा शेवटपर्यंत. मग माझ्या ओळीवर बोट ठेवून लिहा, उत्तर देईन. माझ्या घराबद्दल मात्र पुन्हा लिहू नका.